सेगानं कन्सोल बनवणं का सोडलं?

१९९२च्या सुमारास अमेरिकेतल्या शाळांमध्ये पोरांचे दोन पक्ष होते: निंटेंडोवाले आणि सेगावाले, म्हणजे व्हिडिओ गेमच्या दोन कंपन्यांचे चाहते. ज्या बाजारात आधी निंटेंडोची जवळपास मक्तेदारी होती, तिथे १६-बिट पिढीच्या कन्सोलच्या (टीव्हीला जोडून घरी गेम खेळायच्या यंत्रांच्या) विक्रीत सेगा काही काळ पुढे निघून गेली होती. पण ३१ जानेवारी २००१ रोजी याच सेगानं जाहीर केलं, की आता आम्ही कन्सोल बनवणार नाही, आमचे गेम यापुढे दुसऱ्यांच्या यंत्रांवर चालतील. या 'दुसऱ्यां'मध्ये निंटेंडोही आली, जिच्याशी तिनं दहा वर्षं भांडण मांडलं होतं.

याचं नेहमीचं उत्तर असं, की सोनी मैदानात उतरली आणि सेगाचा टिकाव लागला नाही. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. सोनी निंटेंडोच्याही समोर उभी ठाकली होती. निंटेंडोनं मार खाल्ला, तरी ती आजही कन्सोल विकते. मला तर सेगाच्या पडझडीचं कारण तिच्या जन्मात आणि वाढीत दिसतं. ही कंपनी नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर मोठी झाली आणि त्या धंद्यात अंगी मुरलेल्या सवयी घेऊनच लोकांच्या दिवाणखान्यात शिरली. पडद्यावर दोन्हीकडे गेमच दिसतो, पण पैसा कमावण्याची रीत मात्र दोन टोकांची आहे.

सैनिकांची करमणूक

सेगा जपानी खरी, पण तिची मुळं अमेरिकन आहेत. १९४० साली हवाईतल्या होनोलुलूत मार्टिन ब्रॉमली आणि त्याच्या भागीदारांनी लष्करी तळांना नाण्यांवर चालणारी करमणुकीची यंत्रं पुरवायला सुरुवात केली. महायुद्धानंतर त्या धंद्याला 'सर्व्हिस गेम्स' हे नाव मिळालं. मुख्य माल म्हणजे स्लॉट मशिन, म्हणजे सरळ जुगाराचं यंत्र. १९५१ मध्ये अमेरिकी कायद्यानं या यंत्रांवर बंधनं आणली, तेव्हा ब्रॉमलीनं आपली दोन माणसं टोकियोला धाडली. जपानात अमेरिकेचे तळ भरपूर होते आणि तिथल्या सैनिकांकडे वेळही होता आणि डॉलरही. 'सर्व्हिस' आणि 'गेम्स' या दोन शब्दांची सुरुवात जोडून 'सेगा' हा छाप यंत्रांवर दिसू लागला तो याच दशकात.

दुसरा धागा डेव्हिड रोझेन या माणसाचा. तो अमेरिकी हवाई दलातर्फे जपानात होता. नोकरी सुटल्यावर तो तिथेच परतला आणि १९५४ मध्ये त्यानं स्वतःची कंपनी काढली. त्याचं पहिलं मोठं यश म्हणजे ओळखपत्राचे फोटो झटपट काढून देणारी यंत्रं. युद्धोत्तर जपानात नोकरीपासून शाळेपर्यंत सगळीकडे फोटो लागत, त्यामुळे यंत्रांपुढे रांगा लागायच्या. पुढे तो अमेरिकेतून करमणुकीची यंत्रं आणू लागला. १९६५ मध्ये रोझेनची कंपनी आणि 'सर्व्हिस गेम्स'ची जपानी वारस कंपनी एकत्र आल्या आणि 'सेगा एंटरप्रायझेस' उभी राहिली.

पुढच्याच वर्षी त्यांनी 'पेरिस्कोप' नावाचं यंत्र आणलं. पाणबुडीच्या दुर्बिणीतून बघायचं आणि प्लास्टिकच्या लाटांवरून जाणाऱ्या जहाजांवर टॉर्पेडो सोडायचा. टॉर्पेडो म्हणजे दिव्यांची सरकणारी रांग. त्यात पडदाही नव्हता आणि संगणकही, पण लोक वेडे झाले. हे अवाढव्य यंत्र अमेरिकेला न्यायचा खर्च एवढा होता, की तिथे एका खेळाला २५ सेंट लावावे लागले. लोकांनी ते खुशीनं दिले आणि पुढे आर्केडमध्ये, म्हणजे अशा यंत्रांच्या गेम सेंटरमध्ये, तोच भाव रूढ झाला.

सेगानं इथून जो धडा घेतला तो पुढची तीस वर्षं तिच्या हाडीमाशी राहिला. आर्केडचं यंत्र जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखं असतं. माणूस येतो, पैसे देतो, दोन मिनिटं पोटात गोळा येतो, उतरतो आणि निघून जातो. पाळणेवाल्यानं त्याला पुढच्या वर्षाचं कसलंही वचन दिलेलं नसतं. गर्दी ओसरली की जुनं यंत्र काढायचं आणि त्याहून भपकेबाज आणायचं. या धंद्यात दरवर्षी नवं काहीतरी आणणं हाच शहाणपणा.

आणि त्यात सेगा खरोखर वस्ताद होती. १९८५ साली तिच्या यू सुझुकी या डिझायनरनी 'हँग-ऑन' केला. मोटरसायकलच्या आकाराच्या यंत्रावर बसायचं आणि शरीर झुकवून वळण घ्यायचं. १९८६ मध्ये 'आउट रन', १९८७ मध्ये लढाऊ विमानाचा 'आफ्टर बर्नर'. १९९३च्या 'व्हर्चुआ फायटर'मध्ये तर माणसांची शरीरं त्रिमितीत उभी करून लढवली. आज हे सगळं सवयीचं वाटतं. त्या काळी आर्केडमध्ये जे दिसायचं त्याच्या जवळपासही घरातलं यंत्र पोचत नव्हतं.

घरातला धंदा वेगळा का?

आता घरगुती कन्सोलचं गणित बघू, कारण सगळी गंमत तिथे आहे.

कन्सोल बहुतेकदा नाममात्र नफ्यावर, कधी चक्क तोट्यात विकला जातो. कमाई असते गेममध्ये. कंपनी स्वतःचे गेम विकते, शिवाय बाहेरच्या कंपन्यांनी त्या यंत्रासाठी बनवलेल्या प्रत्येक गेमवर परवाना शुल्क घेते. म्हणजे यंत्र विकल्यानंतर पुढची चार-पाच वर्षं त्या गिऱ्हाइकानं गेम घेत राहिलं, तर कुठे हिशेब जमतो.

यात तीन जणांचा भरवसा लागतो. पहिलं गिऱ्हाईक. ते आज दोन-तीनशे डॉलर घालतं, ते उद्या चांगले गेम येतील या आशेवर. दुसरा दुकानदार, जो आपल्या फडताळातली मोक्याची जागा त्या यंत्राला देतो. तिसरा बाहेरचा डेव्हलपर, जो वर्ष-दीड वर्ष पगार मोजून त्याच यंत्रासाठी गेम लिहितो. गिऱ्हाइकं वाढली की डेव्हलपर येतात, गेम वाढले की गिऱ्हाइकं येतात. हे चक्र फिरायला वेळ लागतो, आणि एकदा फिरू लागलं की त्यात हात घालायचा नसतो.

निंटेंडोला हे बरोबर कळलं होतं, थोडं जुलमी पद्धतीनं का होईना. अमेरिकेत तिनं डेव्हलपरना वर्षाला पाचच गेम काढायची मुभा दिली. तिच्या यंत्रासाठी केलेला गेम दोन वर्षं दुसऱ्या कन्सोलवर आणायला बंदी होती. यंत्रातल्या कुलूपवजा चिपमुळे परवान्याशिवायची कॅसेट चालायची नाही. लोक चिडायचे, पण बाजार तिथे होता म्हणून राहायचे.

१५ जुलै १९८३ रोजी जपानात निंटेंडोचा फॅमिकॉम आला. योगायोग असा, की सेगाचा पहिला कन्सोल एसजी-१००० सुद्धा त्याच दिवशी बाजारात आला. किमतीही जवळपास सारख्या: १४,८०० आणि १५,००० येन. पुढे काय झालं ते तपासण्यासारखं आहे. फॅमिकॉम हे निंटेंडोचं मुख्य यंत्र म्हणून १९९० पर्यंत टिकलं. सेगानं १९८४ मध्ये एसजी-१००० ची दुसरी आवृत्ती काढली, १९८५ मध्ये मार्क-३, आणि तेच यंत्र १९८६ मध्ये मास्टर सिस्टिम या नावानं अमेरिकेत नेलं. जुन्या कॅसेट मार्क-३ वर चालायच्या, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. तरी सवय ओळखू येते. गर्दी कमी दिसली की नवा पाळणा.

या सगळ्या गडबडीत कंपनीची मालकीही फिरत होती. १९६९ पासून ती गल्फ अँड वेस्टर्न या अमेरिकी उद्योगसमूहाकडे होती. १९८३ मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळल्यावर त्यांना ती नकोशी झाली, आणि १९८४ मध्ये रोझेन, हायाओ नाकायामा आणि सीएसके या जपानी कंपनीचे इसाओ ओकावा यांनी ती सुमारे ३.८ कोटी डॉलरना घेतली. ओकावा हे नाव लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा येणार आहे.

निळा साळू

ऑक्टोबर १९८८ मध्ये सेगानं जपानात मेगा ड्राइव्ह आणला. त्याची बांधणी तिच्या आर्केडमधल्या सिस्टिम-१६ या बोर्डावर बेतलेली होती आणि आत मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर होता. जपानी लोकांनी फारशी दखल घेतली नाही. तिथे तो अखेरपर्यंत तिसऱ्या क्रमांकावर राहिला. १९८९ मध्ये तोच अमेरिकेत जेनेसिस या नावानं गेला.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या शाखेची सूत्रं टॉम कॅलिन्स्के यांच्याकडे आली. ते आधी बार्बी बाहुल्या बनवणाऱ्या मॅटेलमध्ये होते, व्हिडिओ गेममधले नव्हते. त्यांनी टोकियोला जाऊन सांगितलं, की यंत्राची किंमत उतरवा, सोबत फुकट मिळणारा गेम बदलून तुमचा सगळ्यात चांगला गेम द्या, अमेरिकी पोरांना आवडतील असे गेम तिथेच बनवू द्या आणि जाहिरातीत निंटेंडोचं थेट नाव घ्या. सगळ्यात चांगला गेम फुकट वाटायचा, हे आर्केडवाल्या डोक्याला पटणं अवघड होतं. संचालकांना ते मान्य नव्हतं. सेगाचे प्रमुख नाकायामा यांनी तरीही परवानगी दिली. माझ्या मते सेगाच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

तो गेम म्हणजे जून १९९१ मध्ये आलेला 'सॉनिक द हेजहॉग'. नाओतो ओशिमा यांनी काढलेला निळा साळू, युजी नाका यांनी लिहिलेला प्रोग्रॅम आणि हिरोकाझू यासुहारा यांनी रचलेले टप्पे. निंटेंडोचा मारिओ उड्या मारत जपून पुढे सरकतो, सॉनिक सुसाट धावतो. मेगा ड्राइव्हचा प्रोसेसर निंटेंडोच्या नव्या यंत्रापेक्षा वेगवान होता, तेव्हा ज्यात आपण सरस आहोत त्यावरच गेम उभा केला. त्याच वेळी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही खेळांचे गेम करणारी कंपनी सेगाच्या बाजूला आली. आली म्हणजे तिच्या लोकांनी यंत्र उघडून त्याची आतली रचना आधीच शोधून काढली होती आणि मग सेगाशी स्वस्त परवान्याचा सौदा केला. सेगाला तो चांगलाच लाभला, कारण अमेरिकन फुटबॉलचा 'मॅडन' खेळायला लोक जेनेसिस घेऊ लागले.

भारतातला थोडा संदर्भ इथेच देतो. एप्रिल १९९५ मध्ये सेगानं भारतासाठी शॉ वॉलेसशी करार केला, जी कंपनी आपल्याकडे ओळखली जाते ती मद्यासाठी. आयात शुल्क ८० टक्के होतं, त्यावर हा तोडगा. तरीही मेगा ड्राइव्हची किंमत १८,००० रुपयांवर गेली. आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी टीव्हीला जोडलं ते फॅमिकॉमची नक्कल असलेलं स्वस्त यंत्र, आणि त्यात घातली ती शंभर गेमचा दावा करणारी पिवळी कॅसेट. म्हणून आपल्याकडे मारिओ सगळ्यांना ठाऊक असतो, सॉनिक मात्र पुष्कळांना नंतर भेटला. ब्राझीलमध्येही आयात अशीच महाग होती, पण तिथे टेकटॉय या कंपनीनं सेगाची यंत्रं देशातच बनवली, आणि मास्टर सिस्टिम तिथे जपानात बंद पडल्यावरही अनेक वर्षं विकला जात राहिला.

एकामागून एक यंत्रं

अडचण अशी, की मेगा ड्राइव्ह अमेरिकेत जोरात होता आणि टोकियोत पडेल. मुख्य कार्यालयातल्या लोकांना खिडकीबाहेर जे दिसत होतं ते अपयश. त्यांना लवकरात लवकर नवं यंत्र हवं होतं. अमेरिकेतल्या लोकांना आहे ते अजून दोन-तीन वर्षं पिळायचं होतं. या ओढाताणीतून जे निघालं त्याला धोरण म्हणणं कठीण आहे.

आधी मेगा ड्राइव्हला जोडायचा सीडी प्लेअर आला. अमेरिकेत १९९२ मध्ये त्याची किंमत २९९ डॉलर होती, म्हणजे मूळ यंत्राहून जास्त. मग नोव्हेंबर १९९४ मध्ये त्याच यंत्राच्या डोक्यावर बसवायचा ३२-एक्स आला, १५९ डॉलरला. आणि त्याच नोव्हेंबरमध्ये जपानात सेगाचाच पुढच्या पिढीचा कन्सोल सॅटर्न विक्रीला आला! आपण आज घेतोय ते उद्या जुनं होणार, हे गिऱ्हाइकाला वर्तमानपत्रात वाचायला मिळत होतं. ३२-एक्ससाठी जेमतेम ४० गेम निघाले आणि तो गुंडाळला गेला. ज्यांनी मूळ यंत्र, सीडी प्लेअर आणि ३२-एक्स असं तिन्ही घेतलं, ते सेगाचे सगळ्यात निष्ठावान लोक होते. नेमके तेच पोळले.

सॅटर्न आतून भलताच गुंतागुंतीचा होता. दोन मुख्य प्रोसेसर, चित्रांसाठी आणखी दोन, शिवाय आवाजाचे वेगळे. दोन प्रोसेसरना एकाच वेळी कामाला लावणं त्या काळच्या प्रोग्रॅमरना अतिशय जड जायचं, कारण दोघं एकाच स्मृतीवर हात टाकत आणि एकमेकांसाठी ताटकळत. त्यात त्रिमितीतल्या वस्तू रचायला सोनीचं प्लेस्टेशन त्रिकोण वापरायचं आणि सॅटर्न चौकोन. तेव्हा बाहेर रूढ होत असलेली साधनं त्रिकोणांवर चालायची. म्हणजे एकच गेम दोन्ही यंत्रांवर काढायचा तर सॅटर्नचं काम जवळपास नव्यानं करा. सेगाच्या आर्केडमधल्या निष्णात मंडळींना यातूनही कमाल साधता आली. 'व्हर्चुआ फायटर'च्या जोरावर जपानात सॅटर्न सुरुवातीला हातोहात खपला. बाहेरचे डेव्हलपर मात्र सोपं यंत्र बघून सोनीकडे वळले.

मग आला ११ मे १९९५ चा दिवस, लॉस एंजेलिसमधलं ई-थ्री हे व्हिडिओ गेमचं प्रदर्शन. सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबरला येणार असं आधी ठरलं होतं. सोनीच्या आधी नंबर लावायचा म्हणून टोकियोनं तारीख अलीकडे आणली, आणि कॅलिन्स्केंनी व्यासपीठावरून सांगितलं, की सॅटर्न आजच दुकानात आहे, किंमत ३९९ डॉलर. आर्केडमध्ये असा धक्का भारी ठरला असता. इथे काय झालं बघा. माल थोडा असल्यानं तो मोजक्याच दुकानांना मिळाला. ज्यांना मिळाला नाही त्यांना ही बातमी बाकीच्या जगाबरोबर कळली. केबी टॉईज या खेळण्यांच्या साखळीनं तर चिडून सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. डेव्हलपर सप्टेंबर धरून काम करत होते, त्यांचे गेम अर्धवट. त्यामुळे विकत घेणाऱ्याला खेळायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके गेम, तेही बहुतेक सेगाचेच. वर सांगितलेल्या तिघांनाही एका सकाळी दुखावून झालं.

त्याच दिवशी थोड्या वेळानं सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, माइकसमोर '२९९' एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढचा उतार लांब होता, पण त्यात नवं फारसं नाही. सॅटर्नसाठी सॉनिकचा मोठा नवा गेम कधी पुरा झालाच नाही. कॅलिन्स्के १९९६ मध्ये बाहेर पडले. १९९७ मध्ये अमेरिकी शाखेचे नवे प्रमुख बर्नी स्टोलर यांनी सॅटर्न हे आपलं भविष्य नाही असं जाहीरपणे सांगून टाकलं, तेही त्याच्या जागी येणारं यंत्र दोन वर्षं दूर असताना. जगभरात सॅटर्न सुमारे ९० लाख विकले गेले, प्लेस्टेशन १० कोटींवर.

ड्रीमकास्ट

खरं दुःख पुढचं आहे, कारण पुढचं यंत्र उत्तम होतं. नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानात आलेल्या ड्रीमकास्टमध्ये सॅटर्नच्या जवळपास सगळ्या चुका सुधारल्या होत्या. एकच दमदार प्रोसेसर, प्रोग्रॅमरना समजेल अशी रचना, आर्केडच्या नाओमी बोर्डाशी जवळचं नातं. आणि यंत्रात इंटरनेटला जोडणारा मोडेम. 'फँटसी स्टार ऑनलाइन'मध्ये २००० साली वेगवेगळ्या देशांतले लोक कन्सोलवरून एकत्र खेळत होते. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ रोजी, म्हणजे ९-९-९९ ला, तो १९९ डॉलरला विक्रीला आला आणि पहिल्या २४ तासांत सव्वादोन लाखांच्या आसपास यंत्रं गेली.

पण आधीचा हिशेब चुकता व्हायचा होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही, म्हणजे 'मॅडन' नाही. गिऱ्हाइकंही बिचकत होती. ३२-एक्सचं काय झालं, सॅटर्नचं काय झालं, हे ते विसरले नव्हते. तेवढ्यात सोनीनं प्लेस्टेशन-२ जाहीर केलं, जे डीव्हीडी प्लेअर म्हणूनही चालणार होतं. मार्च २००० मध्ये ते जपानात आलं. अनेकांनी ड्रीमकास्ट चांगला आहे हे मान्य करून सोनीसाठी पैसे राखून ठेवले. त्यात ड्रीमकास्टच्या सुरक्षेत एक भगदाड होतं. संगीताच्या एका खास प्रकारच्या सीडी चालवायची सोय त्यात ठेवली होती. त्याच वाटेनं नकली गेम साध्या सीडीवर टाकून चालवता येतात हे २००० मध्ये उघड झालं. ज्या धंद्यात कमाई गेमवर आहे, तिथे हे परवडणारं नव्हतं.

यंत्राची किंमत १४९ डॉलरवर आणली, तोटा आणखी वाढला. इसाओ ओकावा आजारी होते. वर्षानुवर्षं स्वतःचा पैसा सेगात घालणाऱ्या या माणसानं जाता जाता सुमारे ७० कोटी डॉलर किमतीचे आपले शेअर कंपनीला देऊन टाकले. कन्सोल सोडा, गेम बनवा, हे त्यांचंही मत होतं. त्या देणगीमुळे सेगा बुडाली नाही. १६ मार्च २००१ रोजी ओकावा वारले. त्याच महिन्यात ड्रीमकास्टचं उत्पादन बंद होणार होतं.

वर्ष संपायच्या आत सॉनिक निंटेंडोच्या यंत्रांवर पोचला. २००४ मध्ये सेगा पाचिंको ही जुगारवजा जपानी यंत्रं बनवणाऱ्या सॅमी कंपनीबरोबर एका छत्राखाली गेली. २००७ मध्ये मारिओ आणि सॉनिक एकाच ऑलिंपिकच्या गेममध्ये शर्यत लावताना दिसले. ज्या गेम सेंटरमधून हे सगळं सुरू झालं, तीसुद्धा सेगानं जपानात कोविडच्या काळात जेंडा या कंपनीला विकायला घेतली आणि २०२२ मध्ये त्यातला उरलेला हिस्साही काढून टाकला. आज तिचं नाव चालतं ते 'याकुझा', 'पर्सोना', 'टोटल वॉर', 'फुटबॉल मॅनेजर' अशा मालिकांवर, आणि यातल्या पुष्कळ मालिका त्या त्या स्टुडिओंसकट विकत घेतलेल्या आहेत. २०२३ मध्ये तिनं सुमारे ७० कोटी युरो मोजून फिनलंडची रोव्हिओ घेतली, 'अँग्री बर्ड्स'वाली.